मागं कोणी राह्यलं का?

डोळे मिटा पाहू क्षणभर. मिटलेत? आता मनात एक आगगाडी आणा. इतकी हळू, की पुढच्या डब्यातून उतरावं, रुळाकडेच्या शेतातला ओला हरभरा उपटावा आणि तो सोलत सोलत मागच्या डब्यात चढावं. आली डोळ्यांसमोर? आता तिच्या शेजारी दुसरी एक गाडी आणा. ही इतकी वेगवान, की ‘ते बघ झाड’ म्हणून बोट उचलावं, तोवर ते झाड मागच्या गावाचं होऊन गेलेलं असावं. या दोन गाड्यांच्या मधोमध दहा वर्षांची एक मुलगी उभी करा. पायात चपला नाहीत, त्या चिंचेखाली राहिल्या आहेत. हनुवटीला वांग्याच्या भाजीचा रस्सा लागला आहे. आणि चेहरा असा, की कोणी नाव विचारलं तरी ती आधी आईकडे बघेल, मग आजीकडे, मग दुसऱ्या आजीकडे.

ही खुशी. उघडा आता डोळे.

जानेवारीतला रविवार होता, आणि दोन्ही घरं मुर्तिजापूरला जमली होती. अकोल्याच्या घराला आणि अमरावतीच्या घराला मिळून काही ठरवायचं असलं की मुर्तिजापूर, हा नियम खुशीच्या जन्माआधीचा. दीक्षा आणि संघपालच्या, म्हणजे खुशीच्या आई-पप्पांच्या, लग्नाच्या वेळी बोलणी करायला कोणी कोणाच्या दारी जायचं, यावरच गाडं अडलं होतं. तेव्हा बशीरचाचा दीक्षाच्या वडलांना, किसनरावांना, म्हणाले होते, “मियाँ, आधा रस्ता तुम आओ, आधा वो आएंगे. रोडगे माह्या अंगणात लावू.” किसनराव छोट्या लाइनीवर गार्ड आणि बशीरचाचा त्याच गाडीचे ड्रायव्हर. जन्मभर एक पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही, असं किसनरावांच्या बायको सुंदराबाई म्हणत. बशीरचाचांचं घर संपतं तिथून मागं शकुंतलेचे, म्हणजे त्याच छोट्या गाडीचे, रूळ सुरू होतात. म्हणजे होत असत. आता गाडी बंद आहे, आणि रुळांमध्ये गवत गुडघ्याएवढं.

तर त्या दिवशीही गोवऱ्यांचा आहार, म्हणजे निखाऱ्यांचा थर, पडला होता, आणि त्याच्यात रोडगे भाजत होते. कणीक अकोल्याहून आली होती, वांगी अमरावतीहून. जेवण कोणाचं चांगलं झालं हा प्रश्न त्यामुळे दर वेळी मोकळाच राही.

ठरवायचं होतं ते खुशीबद्दल. तिची आई दीक्षा वेगवान गाड्यांचे रूळ कुठून न्यायचे याचे आराखडे करत असे. तिला युरोपात काम मिळालं होतं. तीन वर्षांचं. बाल्टिक समुद्राच्या काठी तीन लहान देश आहेत, तिथं. मार्चमध्ये जायचं होतं, आणि हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. संघपालची अमरावतीच्या कॉलेजातली नोकरी सोडण्यासारखी नव्हती. मग खुशी कुठं राहणार? आईबरोबर, पप्पांबरोबर, की अकोल्याला आजी-आबाजींकडे?

“त्याच्यात काय विचार करा लागते?” सुंदराबाईंनी रोडगा चुरता चुरता सांगून टाकलं. “पोट्टी अकोल्याले राहीन. मी हाव, तिचे आबाजी हायेत, माया हाय. माया तं दवाखान्यात नर्स हाय. ताप आला तं घरातच डॉक्टर.”

“ताप येण्यासाठी पोरगी ठेवून राहिले का इहीनबाई?” माणिकबाई म्हणाल्या. या संघपालच्या आई. त्यांचा आवाज लहान होता पण लागायचा बरोबर. “शाळा अमरावतीले, बाप अमरावतीले, मी अमरावतीले. अन् पोरगी काहून अकोल्याले?”

“तुमच्या गुडघ्याईनं दोन पायऱ्या चढनं होत नाही, म्हणून.”

“पोरगी काय पायऱ्यावर राह्यते?”

पिंटू खो खो हसला. तो मायामावशीचा मुलगा, बारावीत होता, आणि त्याला वाटे की आपल्याला हसण्यासाठीच आणतात. मायानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “तुमी दोघीबी थांबा. पोरगी मायजवळ राहाले पाह्यजे. दीक्षा, तू घेऊन जाय तिले.”

सुंदराबाई लेकीकडे बघतच राहिल्या. सकाळी अकोल्याहून निघताना माया त्यांच्या बाजूची होती. बडनेऱ्याकडून, अमरावतीच्या बाजूनं, येणारी हवा लागली की काय, असं त्या पुटपुटल्या.

खुशीनं मायामावशीकडे पाहिलं. तिला आईबरोबर जायचं होतं. हो, नक्की जायचं होतं. मग तिनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा एक वांगं ताटात या कडेवरून त्या कडेला नेत होते. तेव्हा तिला पप्पांबरोबर राहायचं होतं. तेही नक्कीच.

“संघपालभाऊ, तुमी बोला ना काही,” माया म्हणाली.

“बघू,” संघपाल म्हणाला.

“हे तुमचं बघू म्हंजे शकुंतलेचं टाइमटेबल हाय.”

आता किसनराव पुढे सरकले. त्यांच्या शेजारी चटईवर दोन झेंड्या गुंडाळून ठेवल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी कुटुंब कुठं जमलं की झेंड्या बरोबर असायच्या. निघताना ते मागच्या बाजूला उभे राहत, मोठ्यानं विचारत, “मागं कोणी राह्यलं का?” सगळ्यांनी गाडीतून ओरडायचं, “कोणी नाही!” मग हिरवी झेंडी हाले, गाडी हाले, आणि सगळ्यात शेवटी आबाजी चार पावलं टाकून चढत. पिंटूनं एकदा विचारलं होतं, आबाजी, तुमी आधीच काहून बसत नाही? त्यावर ते म्हणाले होते, “गाडी पयले निंघते, गार्ड मागून चढते. गार्डच पयले चढून बसला तं मागं कोण पाहीन?”

“दीक्षा,” किसनराव आता म्हणाले, “मले एक सांग. ते गाडी एवढी पयते, तं तिचा रूळ केवढा रुंद असन? आपल्या मोठ्या लाइनीच्या दुप्पट?”

“नाही बाबा. मोठ्या लाइनीपेक्षा कमीच.”

“कमी?”

“हे बघा.” दीक्षाला असं काही समजावायचं असलं की तिचा चेहराच बदलून जाई. ती उठून उभी राहिली. “आपली मोठी लाइन, मुंबई-नागपूरची, म्हणजे संघपालला दोन रुळांच्या मध्ये आडवं झोपवलं तर बसेल एवढी. शकुंतला म्हणजे पाळण्यातलं बाळ. आणि वेगवान गाडीची लाइन म्हणजे आपली खुशी. खुशी आणि वर चार बोटं.”

सगळ्यांनी खुशीकडे पाहिलं. खुशीला उगाच ताठ बसावंसं वाटलं.

“खुशीएवढ्या रुळावर?” किसनरावांना ते पटेना. “मले वेड्यात काढून राहिली का तू? रूळ जेवढा रुंद, तेवढी गाडी टिकते. बशीर, तू सांग.”

“हमारी तो पाळने में ही डोलती थी,” बशीरचाचा म्हणाले. “म्हैस आडवी आली की बंद.”

“नुसती रुंदी नाही बाबा. वळण किती मोठं, जमीन किती सपाट, रूळ किती सरळ, आणि मध्ये काही आडवं येता कामा नये. ना म्हैस, ना फाटक.” दीक्षानं चटईवर रोडगे मांडायला सुरुवात केली. माणिकबाईंनी ‘अन्न हाय ते’ म्हटलं, पण त्याही वाकून बघू लागल्या. “सगळ्यात पयले जपाननं केली. बाबा, तुमी तेव्हा शाळेत होते. मग हे पॅरिस, हे लियाँ. फ्रान्सनं या दोघांच्या मध्ये केली. मग स्पेन. हे माद्रिद, तो खाली करपलेला रोडगा सेव्हिया. शिवाय जर्मनी, इटली. प्रत्येक देश आपापली करत गेला. पण प्रत्येकाची वीज वेगळी, सिग्नल वेगळे, काहींचे तर रूळही वेगळे. स्पेनचे जुने रूळ रुंद, फ्रान्सचे त्याहून अरुंद. मग सीमेवर आलं की काय?”

“काय?” खुशीनं विचारलं.

“उतरा. सामान घ्या. दुसऱ्या गाडीत बसा.”

“मुर्तिजापूर!” किसनराव आणि बशीरचाचा एकदम म्हणाले.

आणि मग ते हसत सुटले. कारण मुर्तिजापूरला जन्मभर हेच चालायचं. यवतमाळकडून, अचलपूरकडून छोट्या गाडीनं यायचं, इथं उतरायचं, गाठोडी डोक्यावर घ्यायची आणि मोठ्या गाडीकडे धावायचं. कापसाच्या गाठीसुद्धा एका गाडीतून काढून दुसरीत भरायच्या.

“म्हंजे तिकडंबी आपल्यासारखंच हाय,” किसनराव डोळे पुसत म्हणाले. “प्रत्येकाचं घर झाक. अन् मधात मुर्तिजापूर.”

“तेच तर मोडायचं आहे,” दीक्षा म्हणाली. “स्पेननं नवे रूळ फ्रान्सच्या मापाचे टाकले. आता हा शेवटचा रोडगा म्हणजे माझ्या कामाचे ते तीन देश. त्यांचे जुने रूळ रशियाच्या मापाचे आहेत. खाली पोलंडात आलं की माप बदलतं. म्हणून ते पार वरपासून नवी लाइन टाकून राहिले. खुशीच्या मापाची. मग वरच्या समुद्रापासून निघालेला माणूस न उतरता खाली येईल. त्यातला एक तुकडा माझ्याकडे आहे.”

किसनरावांनी शेवटचा रोडगा, तो तीन देशांचा, हातात घेतला आणि उलटून पाहिला. “न उतरता?” त्यांनी पुन्हा विचारलं. “पोराबाळाईले घेऊन धावा लागत नाही?”

“नाही.”

“मंग घेऊन जाय पोरीले,” किसनराव म्हणाले.

सुंदराबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. “तुमीबी?”

गंमत बघा. ज्या क्षणी आबाजी तिकडे गेले, त्या क्षणी मायामावशी इकडे आली. “पण मी काय म्हणतो,” ती म्हणाली, “तठी दिवस किती वाजता बुडते?”

“आत्ता हिवाळ्यात? चारच्या आधीच,” दीक्षानं कबूल केलं.

“अन् तू घरी कधी येशीन?”

“आठवड्यातले दोन-तीन दिवस साइटवरच राहावं लागेल.”

“मंग त्या अंधारात पोरगी एकटी? ना बाप्पा. मी मघाशी बोलली ते वापस घेतो. मले माहीत हाय एकटं राह्यनं काय असते. मी या मुर्तिजापूरच्या फलाटावर राहून गेली होती.”

“आली आईची गाठ,” पिंटू कुजबुजला.

ती गोष्ट कुटुंबात सगळ्यांना पाठ होती. माया सहा वर्षांची असताना छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसायच्या घाईत कापसाच्या गाठीवर झोपून राहिली होती, आणि आईला वाटलं बापाजवळ आहे, बापाला वाटलं आईजवळ. पुढच्या स्टेशनावरून कोणी तरी परत आलं. माया ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायची, आणि दर वेळी कापसाच्या गाठींची संख्या वाढायची.

“मंग माया म्हणते तेच बरोबर. अकोला,” सुंदराबाई म्हणाल्या.

“अकोल्यापेक्षा तं मी म्हणतो दीक्षानं घेऊनच जावं,” माणिकबाईंनी ताडकन सांगितलं. अर्ध्या तासापूर्वी त्या पोरीला अमरावतीच्या वेशीबाहेर सोडायला तयार नव्हत्या. “समुद्रापल्याड गेली तरी चालन. पण लोकं म्हणतीन, आजी जिती असून नात दुसऱ्या घरी वाढली!”

“दुसरं घर? आमी दुसरं घर?”

“मी तसं नाही म्हटलं.”

“म्हटलं! सगळ्याईनं आयकलं!”

खुशी एकदा या तोंडाकडे बघे, एकदा त्या. आता कोण कुठल्या बाजूला आहे? आबाजी आईकडे. अमरावतीची आजीपण आईकडे, पण रागानं. मायामावशी अकोल्याकडे. मग पप्पांकडे कोण? पप्पांकडे कोणीच नव्हतं. पप्पासुद्धा नव्हते.

तेवढ्यात दीक्षा म्हणाली, “राहू द्या. मी जातच नाही.”

आहारातली एक गोवरी खचली, तेवढाच आवाज.

“मी आज कळवून टाकतो, जमत नाही म्हणून. पोरीची ओढाताण करून मले लाइन नाही टाकायची.” ती हसली, पण मघाशी रोडगे मांडताना हसली होती तसं नाही. एकेक रोडगा उचलून तिनं परातीत टाकला. पॅरिस गेलं, लियाँ गेलं, करपलेलं सेव्हिया गेलं.

खुशी परातीकडे बघत होती. मध्ये काही आडवं येता कामा नये, आई म्हणाली होती. ना म्हैस, ना फाटक. आणि लाइन माझ्या मापाची आहे असंही तीच म्हणाली होती. मग मी लाइन आहे, की म्हैस?

कोणाला विचारणार? तिनं चटईवरच्या दोन्ही झेंड्या उचलल्या, कारण हातात काहीतरी हवं होतं, आणि ती उठून घरामागे निघून गेली. कोणी पाहिलं नाही. सगळे तिच्याबद्दलच बोलत होते ना.

घरामागे जुना फलाट आहे. त्याच्यापलीकडे एक बिनछपराची मालाची खोली, आणि त्या खोलीच्या आड रूळ. खुशी गवतात उतरली. (ही लाइन बंद पडलेली आहे, हे तिला ठाऊक होतं. तुम्ही कुठल्याही चालू रुळाजवळ जायचं नाही. कळलं?) ती दोन रुळांमध्ये आडवी झोपली. डोकं एका रुळाला टेकलं, आणि दुसरा रूळ कमरेखाली आला. पाय पार बाहेर. शकुंतला खरंच पाळण्यातलं बाळ होती. मग तिनं बुटक्या झुडपाची काटकी घेतली, डोक्यापासून टाचेपर्यंत आपलं माप मातीवर ओढलं, आणि पुढं चार बोटं मोजून रेघ मारली. एवढी ती लाइन. एवढीशीच. तिच्यावरून आई जाऊ शकत होती एका समुद्रापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आता जाणार नव्हती.

गवत उबदार होतं. खुशी आभाळाकडे बघत पडून राहिली, आणि तिचा डोळा लागला.

इकडे काय झालं, ते आता सांगायला हवं, कारण खुशीला ते नंतर कळलं. बशीरचाचा अस्रच्या नमाजासाठी मशिदीत गेले, आणि त्यामुळे मध्ये पडणारं कोणी उरलं नाही. भांडी भरता भरता सुंदराबाई म्हणाल्या, “आजच्या रात्रीतरी पोरीले माह्याजवळ झोपू द्या. उद्या पिंटू आणून सोडन.”

“न्या ना. आत्ताच न्या!” माणिकबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून गाडीत जाऊन बसल्या.

“अशी तोंड वाकडं करून देलेली पोरगी मले नको,” सुंदराबाईंनी उत्तर दिलं. “ठेवा तुमच्याच जवळ.” पण तोवर अमरावतीच्या गाडीची काच वर गेली होती. म्हणजे एका घरानं अर्धं वाक्य ऐकलं, दुसऱ्या घरानं उरलेलं अर्धं. पिंटूनं खुशीची पिशवी आजीच्या पहिल्या बोलण्यावरच अकोल्याच्या गाडीत टाकली होती. दीक्षानं ती पिशवी जाताना पाहिली, आणि पोरगी आजीकडे चालली तर आज रात्री तिच्या नकळत रडता तरी येईल, असं मनात म्हणून ती पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली.

किसनराव मागे उभे राहिले. झेंड्या शोधल्या, सापडल्या नाहीत. “माह्या झेंड्या कोणं घेतल्या बे?” त्यांनी पिंटूला विचारलं. “नंतर पाहू ना आबाजी, आजी तापली हाय,” पिंटू म्हणाला. आता झेंड्या शोधायला ते घरामागे गेले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण गेले नाहीत. त्यांनी नुसता आवाज दिला.

“मागं कोणी राह्यलं का?”

“कोणी नाही!” अकोल्याची गाडी ओरडली.

“कोणी नाही!” अमरावतीची गाडी ओरडली.

दोन्ही उत्तरं आपापल्या गाडीपुरती खरी होती. जन्मात पहिल्यांदा किसनराव गार्डानं झेंडीशिवाय, रिकामा हात हलवून गाडी सोडली. एक पूर्वेला गेली, एक पश्चिमेला.

खुशी उठून अंगणात आली, तेव्हा चिंचेखाली तिच्या दोन चपला होत्या आणि आहाराची राख.

आधी तिला वाटलं, चेष्टा आहे. तिनं पिंटूला हाक मारली. मग आईला. मग कोणालाच नाही, कारण रडू आलं असतं. ती परत फलाटाच्या कडेला जाऊन बसली, तिथून दोन्हीकडचा रस्ता दिसतो म्हणून. तिला मायामावशीची गाठ आठवली. ती गोष्ट खरी होती तर. आईला वाटलं बापाजवळ, बापाला वाटलं आईजवळ.

तुम्ही काय केलं असतं? मलाही नक्की सांगता येणार नाही. खुशीनं मांडीवर दोन झेंड्या ठेवल्या आणि विचार केला. इतका वेळ सगळे विचारत होते, खुशी कोणाच्या गाडीत बसणार? या गाडीत, त्या गाडीत, की समुद्रापल्याडच्या गाडीत? प्रत्येक वेळी खुशी चढणारी. पण आबाजींना कधी कोणी असं विचारलं नव्हतं. आबाजी कुठल्या डब्यात बसणार यावर गाडी कधी अडली नव्हती. ते फलाटावर उभे राहत, मागं बघत, झेंडी दाखवत. गाडी हलली की मग...

खुशी एकदम उभी राहिली.

बडनेऱ्याच्या बाजूनं पप्पांची गाडी धूळ उडवत येत होती. (दीक्षानं फोन केला होता, खुशीला स्वेटर घाला म्हणून. पलीकडून सुंदराबाई म्हणाल्या होत्या, “कोणत्या खुशीले?”) आणि अकोल्याच्या बाजूनं आबाजींची. दोन्ही अंगणात थांबल्या, दारं उघडली आणि सगळे एकदम बोलू लागले.

“तुमीच म्हणले नेतो म्हणून!”

“मी म्हटलं नको! तुमी काच वर केली!”

“पिशवी कोणं ठेवली? पिंट्या!”

“माह्यावेळीबी अस्संच झालं होतं! अस्संच!” मायामावशी रडत होती.

आई मात्र सगळ्यांच्या पुढे होती. ती पळत होती.

खुशीनं फलाटाच्या कडेवर उभं राहून लाल झेंडी उलगडली आणि दोन्ही हातांनी आडवी धरली.

किसनराव जागच्या जागी थांबले. पिंटू त्यांच्यावर आदळला, पिंटूवर माया. संघपाल थांबला, दोन्ही आज्या थांबल्या. दीक्षाही थांबली, अगदी चार पावलांवर. गार्डाच्या घरातली माणसं. लाल दिसली की पाय आपोआप थांबायचेच.

“आबाजी,” खुशी म्हणाली. “आता विचारा.”

किसनरावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते सवयीनं ताठ उभे राहिले. “मागं... मागं कोणी राह्यलं का?”

“हाव. मी राह्यली.” खुशीनं नाक पुसलं. “मले कोणी विचारलंच नाही.”

माणिकबाईंनी सुंदराबाईंच्या खांद्याला धरलं होतं, आणि हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग संघपाल पुढे आला. आज पहिल्यांदा तो ‘बघू’ म्हणाला नाही. “सांग बेटा,” तो म्हणाला. “तुला कुठं बसायचं आहे?”

“मले नाही माहीत,” खुशी म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं. “मले पप्पाजवळबी राहाचं हाय अन् मम्मीजवळबी. पण गाडी पयले निंघते ना आबाजी? गार्ड मागून चढते.”

“हाव,” किसनराव म्हणाले.

“मंग मम्मी पयले जाईन. मी मागं पाहीन. पप्पा जेवले का, आजीचे गुडघे, अकोल्याची आजी रागावली का, सगळं. माही परीक्षा होऊ दे. तठी दिवस मोठा होऊ दे. मंग मी चढीन. अन् नाही करमलं तं उतरीन. मम्मी म्हणते, सगळे थांबे काही बंद नाही झाले.”

दीक्षा असं काही म्हणाली नव्हती. पण तिनं नाही म्हटलं नाही. तिनं नुसतं विचारलं, “अन् तोवर मी तिकडं एकटी?”

“तू इंजन हायेस ना,” खुशी म्हणाली. “बशीरचाचा काय आबाजीले घेऊन पुढं बसत होते का?”

मशिदीतून परतलेले बशीरचाचा कुंपणापाशी उभे होते, त्यांना काय झालं ते काहीच ठाऊक नव्हतं. “बिल्कुल नहीं,” ते तरीही म्हणाले.

संध्याकाळ होत आली होती, कळवायची वेळ उरली होती थोडीच. दीक्षा आपल्या मुलीकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला, ‘हो’ एवढंच कळवलं, आणि वळून संघपालच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. माणिकबाई मागे बसल्या. त्यांनी दार उघडंच ठेवलं. संघपालनं चाक हातात घेतलं.

खुशीनं लाल झेंडी नीट गुंडाळून आबाजींच्या हातात दिली. ती फलाटावरून उतरली, चिंचेखालच्या चपला पायात घातल्या आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. चिंचेखाली पाहिलं, आहाराजवळ पाहिलं, फलाटावर पाहिलं. मग तिनं हिरवी झेंडी उलगडली आणि हात जाईल तेवढा उंच धरला.

गाडी हलली. शकुंतलेपेक्षाही हळू हलली.

मग खुशीनं झेंडी बगलेत मारली, चार पावलं पळाली, आणि चढली.